फक्त जननपेशींत राहणारं गुणसूत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

गाणाऱ्या पक्ष्यांतल्या जीआरसीवर, म्हणजे केवळ जननपेशींत सापडणाऱ्या गुणसूत्रावर काम करायचं ठरवलंस, बरं केलंस. नमुने गोळा करण्याआधी एक सवय मात्र लावून घे. या विषयावरचा कुठलाही दावा समोर आला की विचार: ऊतक कोणतं, नर की मादी, आणि पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यात होती?

1998 मध्ये पिगोझी आणि सोलारी या संशोधकांनी हे गुणसूत्र झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यात दाखवलं. त्या पक्ष्यात ते सर्वांत मोठं आहे, 15 कोटींहून जास्त बेसजोड्यांचं. तरी रक्तात, यकृतात, स्नायूत त्याचा मागमूस नसतो. गर्भाच्या वाढीतच देहपेशी ते टाकून देतात. त्यामुळे रक्तावरून बांधलेल्या जीनोममध्ये ते शोधण्यात वेळ घालवू नकोस. 2019 मध्ये तोर्गाशेवा आणि सहकाऱ्यांनी गाणाऱ्या पक्ष्यांच्या 16 जाती तपासल्या, त्या सगळ्यांत ते निघालं. आकार मात्र सारखा नाही. काही जातींत भलंमोठं, काहींत अगदी चिमुकलं.

आता वारसा. मादीच्या अंडपेशीत सहसा दोन प्रती असतात, त्यांची जोडी जमते, देवाणघेवाणही होते. नराच्या शुक्राणू बनवणाऱ्या पेशीत एकच प्रत, एकटी पडलेली. अर्धसूत्री, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या पहिल्या फेरीच्या शेवटी ती केंद्रकाबाहेर फेकली जाते आणि सूक्ष्मकेंद्रक बनून नष्ट होते. म्हणजे पिल्लाला ते जवळजवळ नेहमी आईकडूनच मिळतं. इथे कागदावर हिशोब मांडून बघ: अंड्यातून एक प्रत आली, बापाकडून शून्य, तरी मुलीच्या अंडपेशीत दोन कशा? मधे कुठेतरी दुप्पट व्हायलाच हवं. पुढच्या कामासाठी यापेक्षा चांगला प्रश्न मला तरी दिसत नाही.

सुरुवात नराच्या वृषणापासून कर, विणीच्या हंगामातल्या. एरवी ते आक्रसलेलं असतं आणि हव्या त्या पेशी मिळत नाहीत. परवाने आधी हातात असू देत. मादीचं काम अवघड आहे, कारण योग्य टप्प्यातल्या अंडपेशी पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यानंतरच्या मोजक्या दिवसांतच मिळतात.

केंद्रकं पसरून गुणसूत्रं सुटी दिसावीत म्हणून ताजं ऊतक 8.2 पीएचच्या हायपोटॉनिक, म्हणजे पेशी फुगवणाऱ्या कमी क्षारांच्या द्रावणात 30 ते 60 मिनिटं ठेव. मग 100 मिलिमोलर सुक्रोजमध्ये बारीक फाडून, 1 टक्का पॅराफॉर्मल्डिहाइडने ओल्या केलेल्या स्लाइडवर थेंब पसरव. पॅराफॉर्मल्डिहाइड त्याच दिवशी बनवलेलं हवं, पीएच 9.2. तो खाली असेल तर केंद्रकं पसरतच नाहीत, गोळे राहतात. स्लाइड ओलसर डब्यात किमान दोन तास ठेव आणि सावकाश सुकू दे. हायपोटॉनिकमध्ये जास्त वेळ गेला तर केंद्रकं फुटून शेजारच्या पेशींचे अक्ष, म्हणजे गुणसूत्रांचे प्रथिनांचे कणे, एकमेकांत मिसळतात आणि मोजणीचं वाटोळं होतं.

अक्ष रंगवायला एसवायसीपी3 आणि सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राची कंबर, रंगवायला क्रेस्ट, ही दोन प्रतिपिंडं पुरे. झेब्रा फिंचच्या देहपेशीत 80 गुणसूत्रं, म्हणजे पॅकिटीनमध्ये, अर्धसूत्री विभाजनाच्या जोड्या पूर्ण जमलेल्या टप्प्यात, 40 जोड्या, प्रत्येक जोडीचा एक अक्ष. नरात एक्केचाळिसावा अक्ष हवा, एकटा, आणि त्याच्याभोवती क्रेस्टचा ढगासारखा पुंजका. चिमुकलं जीआरसी असलेल्या जातीत केवळ आकड्यावर विसंबू नकोस. एखादा छोटा अक्ष निसटला किंवा बाहेरचा आला की उत्तर उलटतं. पुंजका दिसलाच पाहिजे, आणि तोही बऱ्याच पेशींत. काही जातींत तर एकाच नराच्या पेशींत प्रतींची संख्या बदलते, म्हणून पेशीगणिक नोंद ठेव, सरासरी नको.

डीएनएच्या क्रमनिर्धारणाला वृषण आणि रक्त किंवा यकृत, दोन्ही एकाच पक्ष्याचं घे. दोन वेगळ्या पक्ष्यांची तुलना केलीस तर त्यांच्यातले साधे जनुकीय फरक जीआरसीचे वाटतील. या गुणसूत्रावरची बरीच जनुकं नेहमीच्या गुणसूत्रांवरून नकललेली आहेत, त्यामुळे त्यांची रीड्स, म्हणजे वाचलेले डीएनएचे तुकडे, मूळ जनुकावर जाऊन बसतात. खूण दोनच: वृषणात वाढलेलं कव्हरेज, म्हणजे एका जागी बसणाऱ्या रीड्सची संख्या, आणि फक्त वृषणात दिसणारे फरक. जीआरसीवर जनुकाची एकच प्रत असेल तर तो फरक फार तर तीनात एका रीडवर दिसेल, आणि वृषणात देहपेशी व जीआरसी गमावलेल्या शुक्राणुपूर्व पेशी भरपूर असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. निम्म्या रीड्सची चाळणी लावलीस तर सगळं वाहून जाईल.

‘फक्त आईकडून’ हेही गृहीत धरू नकोस. वारसा निव्वळ मातृक असेल तर जीआरसीचा वंशवृक्ष आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या वृक्षाशी जुळायला हवा. 2022 मध्ये झेब्रा फिंचमध्येच तो जुळत नसल्याचं दिसलं, म्हणजे क्वचित बापाकडूनही ते पोचतं. तेव्हा प्रत्येक नमुन्याचा मायटोकॉन्ड्रियल क्रम काढायला विसरू नकोस. तो त्याच डेटात फुकट मिळतो.

पहिल्या स्लाइड्सचे फोटो पाठव, न निवडता, बिघडलेल्याही.

तुझा,
एक मार्गदर्शक