वरातीतून आणलेली, मार खाल्लेली घोडी पुन्हा पाठीवर बसू देईल का? किती दिवस लागतात?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: घोडी वरातीवाल्याकडून घेतलीय, खोगीर दिसलं की मागे सरकते आणि लाथ उचलते, आणि चैत्रातल्या यात्रेला तुम्हाला तिच्यावर बसून जायचंय, म्हणजे हातात चार महिने. पण मला काळजी वाटली ती चौथ्या गोष्टीची, जी तुम्ही जाता जाता लिहिलीय, की "बरगड्या दिसतात म्हणून आल्या दिवसापासून रोज दोन किलो भिजवलेला हरभरा चालू केलाय". तो आधी बंद करा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

उपाशी घोड्याला एकदम चंदी (दाणा) घातली की रक्तातली साखर वाढते, तिच्यामागे इन्सुलिन वाढतं आणि ते फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम रक्तातून पेशींमध्ये ओढून घेतं, मग हृदय, श्वास सगळं गडबडतं, आणि आठवडाभर चांगला खाणारा घोडा अचानक आडवा होतो. लोक म्हणतात दृष्ट लागली. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने यावर काम केलंय, त्यांची पद्धत म्हणजे वाळलेला लसूणघास, सुरुवातीला अर्धा किलोच्या आसपास दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, मग दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचा, दाणा नाहीच. माझी घोडी आली तेव्हा मी अलार्म लावून उठायचो, बायको म्हणायची आपली पोरं लहान होती तेव्हा एकदा तरी उठला होतात का असे.

तर माझा अनुभव. मी काही ट्रेनर नाही, वाईजवळ शेती आहे आणि लहानपणापासून घरात एखादं घोडं असतंच. मैना आमच्याकडे 2019 च्या दिवाळीनंतर आली, वरातीत नाचवायची घोडी होती, मालकाला ती "डोक्यात गेलेली" वाटत होती म्हणून स्वस्तात दिली. वजनकाटा कुठला असणार, टेपने मोजलं. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला त्याच घेराने गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11880 ने भागा, किलो येतात. घेर 148, लांबी 140, म्हणजे 258 किलो. जिभेवर आडवा जुना व्रण, ओठांचे कोपरे फाटून भरलेले, हे काटेरी लगामाचं काम, जो ओझ्याच्या जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1965 च्या नियमांनी बंद आहे आणि तरी वरातीत सर्रास दिसतो. पाठीवर खोगिराच्या जागी दोन्हीकडे रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे डाग. ते जन्माचे नव्हेत, खोगीर वर्षानुवर्षं एकाच जागी दाबलं की तिथले केस पुढे पांढरेच उगवतात. तुमच्या घोडीची पाठ उजेडात नीट बघा, ती खोगिराला का लाथ मारते ते बहुतेक तिथंच लिहिलेलं असेल.

आता जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगतो. पहिले दोन महिने मैना एकदम गरीब होती. कुठेही हात लावा, पाय उचला, पोरं गळ्यात पडायची, आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो की प्रेम दिलं की जनावर कसं बदलतं बघा. आणि मग अंगावर मांस यायला लागलं तशी ती चावायला लागली. कान मागे टाकायची, म्होरकी घेऊन गेलं की तोंड फिरवायची, एकदा गड्याचा दंड धरला. घरात चर्चा की लाडाने बिघडली, चंदी चढली. खरं असं होतं की ती आधी गरीब नव्हतीच, तिच्यात नाही म्हणायची ताकद नव्हती. ताकद आल्यावर म्हणायला लागली. त्या दिवसात जर मी चाबूक उचलला असता तर मागचा मालक आणि मी यात फरक उरला नसता, आणि खोटं कशाला बोलू, एकदा उचलला होता.

मग डॉक्टरांना बोलावलं. टिटॅनसचं इंजेक्शन आणि रक्ततपासणी (सर्रा आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगांसाठी) आल्या आठवड्यातच झाली होती, ग्लँडर्स माणसालाही होतो म्हणून ते तुम्ही टाळू नका, आणि जंताचं औषध अशक्त घोड्याला स्वतःच्या मनाने देऊ नका. यावेळी दात बघितले. वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते, गाल आणि जीभ कापत राहतात. कानस मारून घेतली आणि चावणं निम्म्यावर आलं. दात! आणि आम्ही स्वभावावर उपाय करत बसलो होतो. तुम्ही फलटणचे म्हणता, शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज तुम्हाला फार लांब नाही, तिथे चौकशी करा, गावातल्या डॉक्टरकडे घोड्याच्या दाताची कानस असेलच असं नाही.

खुरांचं थोडक्यात: महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतात, म्हणजे नवा खूर वरून खालपर्यंत यायला वर्षभर लागतं. नालबंदाला सांगा एकदम आकारात आणू नको, थोडं थोडं कर.

फेब्रुवारीत मी माती खाल्ली. मैना भरलेली दिसत होती, म्हटलं बघूया, खोगीर ठेवलं, ती उभी राहिली, आणि मी तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) एका दमात आवळला. ती मागच्या पायांवर उभी राहिली ती तशीच मागे पडली, खोगिराचं लाकूड मोडलं, नशीब तिची पाठ वाचली. त्यानंतर सहा आठवडे ती नुसती गोठ्यात टांगलेली गोधडी बघूनसुद्धा थरथरायची. म्हणजे माझ्या एका मिनिटाच्या घाईचे सहा आठवडे.

मग लॉकडाऊन लागला आणि पुतणी पुण्याहून घरी आली. तिला काहीच काम नव्हतं, घाई तर अजिबातच नव्हती, आणि खरं तर घोडी तिनेच सुधारवली. ती गोधडी हातात घेऊन चार पावलं जायची, मैनाने मान वर केली की तिथेच थांबायची, मैनाने मान खाली घालून ओठ चाळवले की गोधडी घेऊन परत मागे. बस एवढंच. घोड्याला बक्षीस गूळ नसतो, आपण मागे हटलो हे त्याचं बक्षीस असतं. गूळ पण द्यायची ती, ते वेगळं. आठवड्याने गोधडी खांद्याला लागली, मग पाठीवर, मग पाठीवरून पलीकडे पडली तरी चालायला लागलं. तंगाच्या जागी आधी नुसता पंचा गुंडाळून धरायचा आणि सोडायचा. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. आणि रोज हातात धरून कॅनॉलच्या रस्त्याने सरळ चालवणं, चढावर नेणं. दोरीवर गोल गोल फिरवू नका इतक्यात, पाठीत आणि सांध्यात ताकद नसताना गोल फिरवलं की पाय दुखावतात.

बँडचं मात्र राहिलं होतं. लॉकडाऊनमध्ये वराती बंद त्यामुळे कळलंच नाही. नोव्हेंबरात शेजारच्या वस्तीवर लग्न लागलं, बेंजो सुरू झाला आणि मैना जागच्या जागी पाय उचलायला लागली, एक दोन, एक दोन, मान ताठ. पोरं हसली, बघा नाचतेय. मी हात लावला तर घामाने निथळत होती आणि डोळ्याचं पांढरं दिसत होतं. ती नाचत नव्हती, थांबलं की मार बसतो हे तिच्या पायांना पाठ झालं होतं. त्यावर पुतणीने मोबाईलवर बेंजो अगदी बारीक आवाजात लावून वैरण खाताना ऐकवला, दोन महिने हळूहळू आवाज वाढवत. आता कान हलवते फक्त. पण फटाक्याला अजूनही नाही, आणि आम्ही तो प्रयत्न सोडून दिलाय.

बसण्याचं. लोखंड तोंडात घातलंच नाही, म्होरकीलाच दोन्हीकडून दोर, आणि आमच्या रस्त्याला तेवढ्याने काम भागतं. आल्यापासून बरोबर वर्षाने पुतणी बसली, पहिल्या दिवशी फक्त पोटावर आडवी पडून उतरली, मग दहा पावलं, मग बांधापर्यंत. दुडकी चालायला आणखी दोन महिने. तेव्हा घेर 162 होता, म्हणजे 309 किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत हा साधारण हिशोब, आणि असल्या घोडीला त्याहून कमीच बरं. पुतणी 47, खोगीर 7, झाले 54. मी 74 किलोचा, मी मैनावर आजपर्यंत बसलेलो नाही.

तुम्ही स्वतःचं वजन 82 लिहिलंय. खोगीर धरून नव्वदच्या आसपास, म्हणजे घोडी साडेचारशे किलोची हवी. तुमच्या फोटोतली घोडी तेवढी भरणार नाही, ना या चैत्राला ना पुढच्या. यात्रेला न्यायचीच असेल तर पुढच्या वर्षी बघा, तेही बँडपासून लांब, हातात धरून. आत्ता हरभरा काढा, लसूणघास आणा, आणि टेपने घेर-लांबी मोजून इथेच खाली लिहा, किती घास घालायचा त्याचा हिशोब मी करून देतो, डॉक्टरांना दाखवून मग सुरू करा.