विचारलं तर खरं सांग

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. प्रार्थनेच्या खोलीत घुसलेल्या जमावाबद्दल तू चार ओळी लिहिल्यास आणि पोलीस ठाण्यातल्या एका वाक्याबद्दल दोन पानं. म्हणजे दुखतंय कुठे ते तुला कळलेलं आहे. 'मी सहज मित्राबरोबर आलो होतो' असं जबाबात सांगून आलास, आणि आता मला विचारतोस, भीती वाटली म्हणजे माझा विश्वास कच्चा का?

भीतीचं सोड. गेथशेमाने बागेत प्रभूचाही जीव कासावीस झाला होता. छाती का धडधडली याचा जाब तुला कुणी विचारणार नाही. विचारलं तेव्हा खरं सांगितलंस का, एवढंच विचारतील. मी जन्मभर हा एकच नियम धरून बसलोय. कुणी विचारलं नाही तर दवंडी पिटू नये. विचारलं तर खरं सांगावं.

तुझा तो मित्र म्हणतो, पुढच्या रविवारी मुद्दाम भर चौकात गाणी म्हणू, काय व्हायचं ते होऊ दे. त्याला निक्षून नाही म्हण. दुसऱ्या शतकात स्मुर्णा शहरात छळ झाला, तेव्हा क्विंटस नावाचा एक जण आपणहून पुढे झाला, आणखी काहींना सोबत घेऊन गेला. अंगावर सोडायची हिंस्र जनावरं समोर दिसताच त्याचा धीर सुटला आणि त्यानं कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, नावानं शपथ घेऊन विश्वास सोडला. तिथला म्हातारा बिशप पॉलिकार्प मात्र मंडळीच्या आग्रहावरून एका मळ्यात जाऊन राहिला होता, तिथून दुसऱ्या मळ्यात गेला. अखेर शिपाई येऊन ठेपले, तेव्हा त्यानं त्यांना जेवू घालायला सांगितलं, प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला आणि मग त्यांच्याबरोबर गेला. ख्रिस्ताला शिव्या दे, सोडतो, असं सुभेदार म्हणाला. यानं उत्तर दिलं, 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू? लपून राहिलेला विश्वासात टिकला रे, मिरवत गेलेला मोडला.

ओडिशातल्या कंधमाळमध्ये 2008 साली ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले, तेव्हा माणसं लेकरं काखेत मारून जंगलात पळाली. त्यांच्या विश्वासाकडे कुणी बोट दाखवलं तर मला संताप येतो. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळा, हे प्रभूनंच सांगितलंय. मत्तयाचा दहावा अध्याय काढून बघ. आणि प्रेषित पौलाला फटक्यांसाठी बांधत होते तेव्हा तो मुकाट राहिला नाही. रोमी नागरिकाला चौकशीवाचून फटके मारायची परवानगी आहे का तुम्हाला, असं त्यानं तोंडावर विचारलं. धर्मस्वातंत्र्य देणारं राज्यघटनेचं कलम 25 तुझंही आहे. वकील कर. कोऱ्या कागदावर सही करू नकोस. यात विश्वासाची कमतरता कुठे आली?

एक मात्र तपासा. तुमच्यापैकी कुणी दुसऱ्याच्या देवाची टिंगल केली असेल, किंवा आजारी माणसाला औषधं बंद करायला सांगितलं असेल, तर त्याला छळ म्हणू नका. जाऊन माफी मागा. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करून दुःख भोगण्यात काही मोठेपणा नाही, हे प्रभूच्या शिष्यानं, पेत्रानं, पहिल्या पत्रात लिहून ठेवलंय.

आता माझं ऐक. मुलीचं नाव शाळेत घालताना क्लार्कनं धर्माच्या रकान्यावर पेन धरून ठेवलं. 'हिंदू लिहू का गुरुजी? पोरीचं कल्याण होईल.' भला माणूस होता. राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जातींबाबतच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये ती मिळाली, आम्हाला नाही. मला सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, ख्रिस्ती लिहा. माझ्या भावानं तसं लिहिलं नाही. त्याची मुलं अधिकारी झाली, माझी मुलगी डॉक्टर व्हायची ती नर्स झाली. तिनं आजवर एका शब्दानं विचारलेलं नाही, आणि तेच मला टोचतं. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी ताटातूट सोसून मोजली. घरोघरी असंच होतं. निर्णय एकाचा, झळ दुसऱ्याला. पण अन्याय तो आदेश करतो, बाळा, खरं लिहून घेणारा बाप नाही. मला विचारलं होतं, मी खरं सांगितलं. आज विचारलं तरी तेच लिहायला सांगेन.

आणि तू म्हणतोस, जबाबातलं एक वाक्य, त्यानं काय बिघडलं? बिघडलं नसतं तर दोन पानं का लिहिलीस?

पेत्रानं प्रभूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं, तरी प्रभूनं त्याला टाकलं नाही. समुद्राकाठी भाकरी-मासळीची न्याहारी दिली आणि मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? तुलाही पुन्हा विचारलं जाईलच. पण वाट बघत बसू नकोस. पुरवणी जबाब देता येतो. 'मी ख्रिस्ती आहे, प्रार्थनेलाच आलो होतो' एवढं पुरे. शिव्याशाप नकोत आणि भाषण तर नकोच. ज्यांनी मारहाण केली त्यांची नावं माहीत असतील तर तीही सांग, एकही वाढवून नको.

मी शनिवारी सकाळच्या एसटीनं येतो. ठाण्यात सोबत बसेन, वकिलाशीही बोलून ठेवलंय. त्याआधी आईला फोन करून सगळं सांग. तिला ते शेजारच्या बाईच्या मोबाईलवर बघायला लागू नये.

तुझा,
गुरुजी