घरच्या हॅचबॅकसाठी नवीन छोटं डिझेल इंजिन येणार का? थांबू की पेट्रोल घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी २०१२ ची डिझेल स्विफ्ट, माणसं चार, राहायला कोल्हापुरात फुलेवाडीला, नोकरी राजारामपुरीत, महिन्यातून एखादी फेरी कोकणात किंवा पुण्याला. गाडी बदलायची आहे. पूर्वीसारखं ११००-१२०० सीसीचं नवीन डिझेल इंजिन कुणी आणतंय का आणि त्यासाठी थांबावं का?

थांबू नका. तसं इंजिन येण्याची चिन्हं मला दिसत नाहीत, आणि उद्या आलंच तरी तुमच्या रोजच्या फिरण्याला ते मानवणार नाही. इथल्या उद्यमनगरात डिझेलचे पंप आणि इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) दुरुस्त करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, घर त्याच्यावरच उभं राहिलं. त्यामुळे हे लिहिताना आनंद होत नाही, पण खरं आहे ते सांगायला हवं.

आधी तुमच्याच गाडीविषयी, कारण सगळी तुलना तिथूनच सुरू होते. स्विफ्टच्या बॉनेटखाली जे १२४८ सीसीचं इंजिन आहे ते मूळचं फियाटचं मल्टिजेट. युरोपात २००३ साली आलं, आपल्याकडे मारुतीनं २००७ मध्ये स्विफ्टमध्ये बसवलं. पुढे तेच इंजिन डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा, शेवरोलेच्या ‘सेल’ या गाडीतही आलं. तुमच्या गाडीत त्याची ताकद ७५ पीएस, आणि ओढ १९० न्यूटन मीटर, तीही दोन हजार आरपीएमलाच. कोकणातून परत येताना चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन करूळचा घाट ही गाडी न दमता चढते ती या खालच्या ओढीमुळे.

त्याआधीची छोटी डिझेल इंजिनं आठवा. १९९८ ची इंडिका १४०५ सीसीची होती. तिच्यात डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात पेटायचं आणि मग जाळ सिलिंडरमध्ये यायचा. आवाज मोठा, पिकअप कमी, पण रस्त्यावरचा कुठलाही मेस्त्री ते खोलायचा आणि जोडायचा. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देण्याचं तंत्र, आल्यावर चित्र पालटलं. या तंत्राचं बरंचसं मूळ संशोधन फियाटकडे झालं, बॉशनं ते उत्पादनात आणलं आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून ते रस्त्यावर आलं. मल्टिजेटनं पुढची पायरी गाठली: एका फेऱ्यात डिझेल एकदम न सोडता पाच वेळांपर्यंत तोडून सोडायचं. आधी चिमूटभर, मग मुख्य मात्रा, मग पुन्हा थोडं. त्यामुळे सिलिंडरमधला दाब हळूहळू चढतो आणि ती जुनी खडखड जाते. टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासणीच्या मशीनवर, असा इंजेक्टर चालताना बघणं हे मला आजही मोठं समाधान वाटतं. इतकी बारीक मात्रा इतक्या वेगानं तोडणारी वस्तू लाख किलोमीटर टिकते, ही माणसाच्या हाताची कमाल आहे.

मग असं गुणी इंजिन बंद का पडलं? पहिलं कारण दराचं. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि फरक आटत गेला. दुसरं कारण जास्त मोठं: १ एप्रिल २०२० पासूनचा बीएस-६ हा धुराचा नियम. डिझेल गाडीच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, आणि काजळीची २५ वरून साडेचारवर. मारुतीनं एक वर्ष आधीच जाहीर केलं की डिझेल बंद.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ठराविक प्रमाणात जळतात, म्हणून सायलेन्सरमधला एकच कॅटलिटिक कन्व्हर्टर तिन्ही विषारी वायू सांभाळतो. डिझेलमध्ये हवा नेहमीच जास्त असते. जास्त हवेत तो कन्व्हर्टर नायट्रोजन ऑक्साइडपुढे हात टेकतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळा सापळा किंवा युरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा लागते, आणि काजळीसाठी डीपीएफ हा आणखी एक फिल्टर. जाळ थंड ठेवला तर नायट्रोजन ऑक्साइड कमी होतो पण काजळी वाढते. जाळ गरम ठेवला की उलटं. दोन्ही एकदम इंजिनातच आवरत नाहीत, म्हणून बाहेर हा सरंजाम.

आणि हा सरंजाम इंजिनाच्या आकाराप्रमाणे स्वस्त होत नाही. ११०० सीसीला फिल्टर जरा लहान लागेल, पण तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर, हाय प्रेशर पंप, कंट्रोल युनिट, चाचण्यांचा खर्च २२०० सीसीइतकाच. वीस लाखांच्या एसयूव्हीत तो मुरतो. सात-आठ लाखांच्या हॅचबॅकमध्ये तो किमतीवर उघडा पडतो. छोटं डिझेल मेलं ते इथं.

करानंही छोट्या इंजिनाला काही खास दिलेलं नाही. चार मीटरच्या आतली डिझेल गाडी १५०० सीसीपर्यंत छोटीच धरली जाते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तिला १८ टक्के जीएसटी आहे. पेट्रोलला हीच सवलत १२०० सीसीपर्यंत. कंपनीला १५०० सीसीपर्यंत तोच दर मिळत असेल तर ती ११०० सीसीचं वेगळं इंजिन कशाला उभं करेल?

आकाराची एक अडचण मुळातच आहे, जी बाहेर फारशी बोलली जात नाही. डिझेलला सिलिंडर फार लहान चालत नाही. सिलिंडर लहान झाला की आतल्या हवेच्या मानानं भिंत जास्त होते, उष्णता भिंतीतून निघून जाते, आणि फवारा जळायच्या आत भिंतीवर आदळतो. मल्टिजेटचा एक सिलिंडर ३१२ सीसीचा. शेवरोले बीटचं ९३६ सीसीचं डिझेल म्हणजे त्याच मापाचे तीन सिलिंडर. टियागोचं १०४७ सीसीचं इंजिनही तीन सिलिंडरचं, म्हणजे एक जवळपास ३५० चा. मारुतीनं २०१५ मध्ये सेलेरिओत स्वतःचं ७९३ सीसीचं डिझेल आणलं तेव्हा दोनच सिलिंडर ठेवले, म्हणजे एक ३९६ चा. कागदावर ॲव्हरेज २७.६२, पण दोन सिलिंडरची थरथर स्टिअरिंगपर्यंत यायची आणि दोनच वर्षांत ती गाडी बंद झाली. सिलिंडर कमी केले की थरथर, लहान केले की इंधन वाया. माझ्या मते छोट्या कुटुंबाच्या गाडीला मल्टिजेटचं मापच सगळ्यात जमलेलं होतं.

आता तुमच्या फिरण्याकडे येऊ. लोक विचारतात, महिन्याला किती किलोमीटर झाले की डिझेल परवडतं? आजच्या डिझेलसाठी मी आधी वेगळंच विचारतो: एका दमात गाडी किती चालते? डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं, आणि त्यासाठी हायवेच्या वेगानं पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी चालायला हवी. फुलेवाडी ते राजारामपुरी पाच-सहा किलोमीटर, वाटेत गंगावेशीची गर्दी, सिग्नल, शाळेची वेळ. इंजिन धड तापायच्या आत तुम्ही पोचलेले असता. गाडी काजळी जाळायला सुरुवात करते, तुम्ही चावी बंद करता. असं वरचेवर झालं की जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल पिस्टनच्या कडेनं खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, पातळी मात्र वाढलेली दिसते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं बघून मालक खूश, असं मी पाहिलं आहे. शाहूपुरीतल्या दवाखान्यात रोज चार किलोमीटर जाणाऱ्या एका डॉक्टरांच्या गाडीचा डीपीएफ असाच चोंदला. गाडीत दोष काहीच नव्हता. तिला मोकळा रस्ताच मिळत नव्हता.

पैशाचा हिशेब पेट्रोल १०५, डिझेल ९१ धरून करा. पेट्रोल गाडी १५ आणि डिझेल २० चा ॲव्हरेज देते असं समजा. किलोमीटरला ७ रुपये विरुद्ध साडेचार, म्हणजे अडीच रुपयांच्या आसपास बचत. डिझेल गाडी दीड लाखानं महाग असेल तर ती रक्कम फिटायला साठ हजार किलोमीटर हवेत. तुमचं फिरणं वर्षाला आठ-नऊ हजार असेल तर सात वर्षं गेली, आणि तोवर फिल्टर-इंजेक्टरचा खर्च वेगळा. तुम्हाला मी पेट्रोल घ्या म्हणेन. डिकीची जागा गेली तरी चालणार असेल तर सीएनजी. तिचा किलोमीटरचा खर्च डिझेलच्याही खाली येतो, घाटात मात्र गिअर आधी खाली टाकावा लागतो.

डिझेल कुणी घ्यावं? रोज सांगलीला किंवा बेळगावला हायवेनं जाणाऱ्यानं, महिन्यातून चारदा आंबा घाट उतरून रत्नागिरी करणाऱ्यानं. त्यांच्यासाठी हॅचबॅकमध्ये सध्या टाटा अल्ट्रोझ ही एकच डिझेल उरली आहे: १४९७ सीसी, ९० पीएस, २०० न्यूटन मीटर. ह्युंदाईनं आय-ट्वेंटीचं डिझेल एप्रिल २०२३ चे प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजण्याचे नियम लागू होताना थांबवलं. घेणार असाल तर कमी राखेचं, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल टाका. साधं ऑइल जळून त्याची राख डीपीएफमध्ये बसते आणि ती कितीही हायवे मारला तरी जळत नाही.

राहिली तुमची जुनी स्विफ्ट. दिल्लीतला दहा वर्षांचा डिझेलचा नियम इथं लागू नाही. २०२७ मध्ये पंधरा वर्षं झाली की फिटनेस करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणून विकायची घाई करू नका, आधी इंजिन तपासून घ्या. सकाळी थंड असताना चालू करून टायमिंग चेनचा खळखळ आवाज येतो का ऐका. ऑइल उशिरा बदललेल्या गाड्यांत ही चेन सैल होते. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) साफ करून घ्या, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा. धूर किंवा थरथर असेल आणि कुणी लगेच चारही इंजेक्टर बदला म्हणालं, तर आधी लीक-ऑफ टेस्ट करायला सांगा. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावतात आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. एकाच बाटलीत जास्त डिझेल जमलं तर तेवढाच इंजेक्टर काढून बेंचवर लावायला लागतो, बाकीच्या तिघांना हात लावू देऊ नका.