वाचकांचे प्रश्न : एका कॅबिनेटमध्ये दोन हार्ड डिस्क

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत ५०० जीबीची डिस्क भरून गेली. आता विंडोजसाठी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि फोटोंसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क आणली आहे. मास्टर-स्लेव्ह करावं लागेल, असं एकाने सांगितलं. खरं का? (एक वाचक, जालना)

उत्तर : मास्टर-स्लेव्ह (एका केबलवरच्या दोन डिस्कपैकी पहिली-दुसरी ठरवणं) आणि त्यासाठी पिनांवर लावायच्या छोट्या टोपीची, म्हणजे जंपरची भानगड ४० पिनच्या रुंद पट्टीवाल्या जुन्या आयडीई डिस्कची. साटा या नव्या जोडणीत एका पोर्टला एकच डिस्क लागते, त्यामुळे तो प्रश्न उरत नाही.

प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच कामाला लागा. प्रत्येक डिस्कला ७ पिनची डेटा केबल मदरबोर्डवरून आणि १५ पिनची पॉवर केबल एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) येते. दोन्हींची खाच काटकोनात असते, उलटी बसत नाही. जोर केलात तर डिस्कवरची प्लास्टिकची पट्टी तुटते आणि मग नवी डिस्कही कामातून जाते. मोठ्या डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, एसएसडीला बारीक. मोठीला चारही लावा. दोनवर ती थरथरते. शक्यतो समोरच्या पंख्याच्या झोतात बसवा. बहुतेक हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विंडोज टाकताना (इन्स्टॉल करताना) फक्त एसएसडी जोडलेली ठेवा, बाकीच्या डिस्कच्या डेटा केबल काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असतील तर विंडोज कधी कधी बूटचं (कॉम्प्युटर सुरू करणारं) पार्टिशन दुसऱ्याच डिस्कवर टाकतं. वर्षभराने ती डिस्क काढली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही आणि दोष एसएसडीवर येतो. शिवाय केबल काढल्या की घाईत फोटोंचीच डिस्क फॉरमॅट व्हायचा धोका टळतो.

विंडोज झालं की बंद करून ४ टीबीची जोडा. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. इनिशियलाइझ विचारेल तेव्हा जीपीटी (डिस्कच्या विभागांची नोंद ठेवायची नवी पद्धत) निवडा, कारण एमबीआर या जुन्या पद्धतीत साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. मग न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. जागा ३.६ टीबीच दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. जुनी डिस्क सगळ्यात शेवटी जोडा आणि फोटो नव्या डिस्कवर उघडून पाहिल्याशिवाय पुसू नका.

प्रश्न : दुसरी डिस्क कधी दिसते, कधी मोठी फाइल कॉपी करताना गायब होते. डिस्क गेली का? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : आधी केबलवर संशय घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात सी७ या ओळीचा (डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर बहुधा डेटा केबल सैल किंवा खराब आहे. बदलून पाहा. आधीचा आकडा शून्यावर येत नाही, तो पुढे वाढायचा थांबला की झालं. ०५ किंवा सी५ (डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागा) वाढत असतील तर दोष डिस्कचाच. त्याच दिवशी डेटा काढून घ्या.

केबल चांगली असूनही डिस्क मधेच बंद होऊन पुन्हा फिरायला लागते, असा आवाज येतो? मग पॉवर बघा. मोठी डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास घेते. स्वस्त स्प्लिटरच्या ढिल्या पिना तिथेच दगा देतात, तापून वितळतातही. एसएमपीएसची वेगळी वायर द्या.

एक शक्यता राहते. काही मदरबोर्डांवर एम.२ खाचेत (छोटी एसएसडी थेट मदरबोर्डवर बसवायची जागा) एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. मॅन्युअल बघून पोर्ट बदला.

प्रश्न : दोन डिस्कचं रेड १ (दोन्हींवर एकच डेटा एकदम लिहिला जाणं) केलं तर बॅकअप झाला ना? (एक वाचिका, लातूर)

उत्तर : नाही. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, एवढंच. चुकून डिलीट केलेलं फोल्डर दोन्हींवरून एकदम जातं. वीज गेली-आली आणि जादा व्होल्टेज आत शिरलं, तर एकाच एसएमपीएसवरच्या दोन्ही डिस्क बिघडू शकतात. यूपीएस आणि धड अर्थिंग हवंच, पण तिसरी प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घ्या आणि कॉपी झाली की ती काढून दुसऱ्या जागी ठेवा. सतत जोडून ठेवलीत तर व्हायरस तिलाही सोडत नाही.