बेसाचा प्लॉट विकून ऑस्ट्रेलियाला जावं का?

डॉक्टर मॅडम, तुमचा बेत असा: प्रतापनगरातली नऊ वर्षांची ओपीडी बंद करायची, नागपूरजवळच्या बेसाच्या ले-आउटमधला प्लॉट विकायचा आणि ऑस्ट्रेलियात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर व्हायचं. मेलबर्नची मैत्रीण म्हणते, बिलाचे ७० टक्के हाती येतात. माझं मत, जरूर जा, पण प्लॉट आत्ता विकू नका.

तुमचं सगळं गणित त्या ७० टक्क्यांवर उभं आहे. साध्या तपासणीला मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचा, मूळ दर २०२४-२५ मध्ये सुमारे ४३ डॉलर होता. त्या दराने तुमच्या वाट्याला ३० येतात. तिथले बरेच जीपी पगारी नसतात. कर, इंडेम्निटी विमा (पेशंटने भरपाई मागितली तर उपयोगी पडणारा), म्हातारपणाची पुंजी, सगळं त्या तीसातूनच. सुटी घेतली की कमाई थांबली.

शिवाय परदेशात शिकलेल्या डॉक्टरला नोंदणीनंतर साधारण १० वर्षं मेडिकेअरचं बिल हवं तिथे बसून करता येत नाही. सरकारने डॉक्टरांची टंचाई ठरवलेल्या भागातच करता येतं. घरभाडं आणि मुलीची शाळा तुम्ही मेलबर्न धरून मांडलीत, ती लहान गाव धरून पुन्हा मांडा. तुमच्या मिस्टरांना त्या गावात काम मिळेल का, हाही मला पैशाचाच प्रश्न वाटतो.

तिथवर पोचायलाही वेळ लागतो. इंग्रजीची परीक्षा, ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलची एमसीक्यू (पर्याय निवडायची परीक्षा), मग क्लिनिकल (पेशंट तपासण्याची परीक्षा). त्यानंतर वर्षभर देखरेखीखाली काम, तेही बहुतेकांना हॉस्पिटलात, पगारावर. पास होऊनही पहिली जागा मिळेपर्यंत कित्येक महिने अर्ज करत बसावं लागतं, आणि नोकरी देणाऱ्याने स्पॉन्सर केल्याशिवाय बहुतेकांचा व्हिसा पुढे सरकत नाही. मला भीती या मधल्या महिन्यांची आहे. माझ्या एका डॉक्टर क्लायंटने अभ्यासासाठी दवाखाना बंद केला, तपासणीचं टेबल अर्ध्या किमतीत विकलं. क्लिनिकलमध्ये दोनदा अडकल्यावर नव्या टेबलाचं बिल घेऊन ते माझ्याकडे आले. तोवर त्यांचे पेशंट समोरच्या दवाखान्यात जायला लागले होते.

तेव्हा ओपीडी चालू ठेवा, हवं तर संध्याकाळचीच. तुमच्या १२ लाखांच्या एफडीतले ४ लाख परीक्षांसाठी मोकळे करा. एक निकाल लागल्याशिवाय पुढची फी भरू नका. उरलेले ८ लाख नोकरीचं पत्र आल्यावरच, तिकडच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी. जाताना बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं) करून घ्या. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहील.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला दाखवा. गाव कुठलं, ते टंचाईच्या यादीत आहे का आणि करार मोडल्यास किती भरायचं, हे मी आधी बघेन.