प्लवक, प्राणवायू आणि हिराकस : वाचकांची प्रश्नोत्तरे

तापी ज्या अरबी समुद्राला मिळते त्याविषयी जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणाऱ्या पत्रांत तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (अमळनेर) : भरसमुद्रातले निळेशार पाणी म्हणजे जीवसृष्टीने समृद्ध पाणी का?
उत्तर : नाही, असे पाणी बहुधा पोषकद्रव्यांनी गरीब असते आणि त्यात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बहुतांशी सूक्ष्म जीव, विरळ असतात.

प्रश्न (धुळे) : आपण घेतो त्यातला सत्तर टक्के प्राणवायू समुद्र देतो, असा निरोप मोबाईलवर फिरतो आहे. खरे आहे का?
उत्तर : पृथ्वीवर दरवर्षी प्रकाशसंश्लेषणातून तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी साधारण निम्मा समुद्रातले वनस्पतिप्लवक तयार करतात हे खरे, परंतु त्यातला जवळजवळ सगळा समुद्रातल्याच जीवांच्या श्वसनात आणि मृत अवशेष कुजण्यात खर्च होतो. निरोप पुढे पाठवू नये.

प्रश्न (शहादा) : पंधरा दिवसांपासून शेततळ्याचे पाणी गर्द हिरवे आहे आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. दुकानदार 'समुद्री प्लवकां'ची बाटली सुचवतो.
उत्तर : बाटली घेऊ नका. भरसमुद्रातले प्लवक गोड्या पाण्यात सहसा तगत नाहीत, आणि तुमच्या तळ्यात प्लवक कमी नसून जास्त झाले आहेत. रात्री तेही प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे तो अगदी कमी होतो. खाद्य व खत थांबवा, पंपाने पाणी खेळते ठेवा आणि पाण्याचा नमुना घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालय गाठा. हे पंधरा दिवसांपूर्वीच करायला हवे होते.

प्रश्न (रावेर) : केळीची पाने पिवळी पडली की आम्ही हिराकस (लोहाचा क्षार) फवारतो. तोच समुद्रात टाकून मासे वाढवायचे आणि कार्बन क्रेडिट (हवेतला कार्बन कमी केल्याबद्दलची विकता येणारी प्रमाणपत्रे) विकायचे, अशा योजनेत पैसे गुंतवावेत का?
उत्तर : गुंतवू नयेत. दक्षिण महासागरात नायट्रेट असूनही लोहाअभावी प्लवक फोफावत नाहीत, एवढा या कल्पनेचा आधार खरा आहे. परंतु 2009 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी 'पोलारस्टर्न' जहाजावरून तेथील सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात हिराकसच टाकला, तेव्हा प्लवक वाढले खरे, पण प्राणिप्लवकांनी ते फस्त केले. सिलिका आधीच संपलेली असल्याने, ज्यांचे कवच सिलिकेचे असते ते डायटम नावाचे वनस्पतिप्लवक वाढलेच नाहीत आणि कार्बन खोलवर फारसा गेला नाही. अरबी समुद्राची गोष्ट तर निराळीच आहे : नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यालगत खालचे थंड, पोषक पाणी वर आणतात, हिवाळ्यातले कोरडे वारे उत्तरेकडचे पाणी घुसळतात, आणि त्यामुळे प्लवकांची पैदास तेथे आपोआपच होते. मात्र त्याच समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर प्राणवायू अत्यल्प आहे. वरून आणखी सेंद्रिय अवशेष पडले, तर ते कुजताना उरलासुरलाही संपेल, आणि ही हानी कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यावर बंधने घालणाऱ्या लंडन कराराच्या सदस्य देशांनी 2008 मध्येच, रीतसर वैज्ञानिक संशोधन वगळता समुद्रात असे लोह टाकू देऊ नये, असा ठराव केला आहे. सही करण्यापूर्वी कागदपत्रे वकिलाला आणि सनदी लेखापालाला दाखवा. पैसे दिले असतील, तर आजच बँकेला कळवून पोलिसांत तक्रार द्या.

प्रश्न (चोपडा) : आमच्या शेतातला युरिया तापीतून वाहून भरसमुद्रातल्या प्लवकांना पोसतो का?
उत्तर : फारसा नाही, नदीतून येणाऱ्या खताचा परिणाम मुख्यतः किनाऱ्याजवळ होतो आणि भरसमुद्राला प्रामुख्याने खालून वर येणारे पाणी पोसते. युरियाची मात्रा मातीपरीक्षण करून कृषी सहायकाच्या सल्ल्यानेच ठरवावी.