जार पडायची वाट बघू नकोस

अरे, आपल्या कोकणात अजून कितीतरी जण जार (व्याल्यावर गायीची पडणारी वार) पडेपर्यंत वासराला चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं दूध, पाजत नाहीत. पहिली चूक तीच. आतड्याला आतून बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, तो जंतूंना भिंतीपासून लांब ठेवतो. नवजात वासरात हा थर कच्चाच. ई. कोलाय नावाचा जंतू त्यातून भिंतीला चिकटला की त्याच्या विषामुळे आतड्यात पाणी सुटतं, मग पांढरट हगवण. गाय व्याली की दोन तासांत चीक पाज. 15 किलोच्या वासराला दिवसभरात दीड लिटर, थोडाथोडा. 24 तासांनंतर चिकातली जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्यं रक्तात शिरतच नाहीत म्हण ना! आषाढात गोठा ओला राहतो, पेंढा रोज बदल. (कंटाळा येतो, माहितेय.) हगवण लागली तरी दूध तोडू नकोस. डोळे खोल गेले तर लगेच डॉक्टर.